‘दोनदा गेले, पण कुणी ऐकलंच नाही’: मैत्रिणीच्या बाळाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या एका मराठी बाईंच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं बाळ तेविसाव्या आठवड्यात जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. मैत्रीण कृष्णवर्णीय अमेरिकन. स्वतः इंजिनियर, नवरा शिकलेला, विमा उत्तम. ती सारखी एकच सांगते, ‘त्या आठवड्यात मी दोनदा हॉस्पिटलात गेले, पण कुणी ऐकलंच नाही.’ बाईंच्या घरी मात्र सूर वेगळा: एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात असं कसं होईल? त्या लोकांच्या अंगातच काहीतरी असणार, शिवाय वजन, खाणंपिणं. यात खरं काय, आणि मैत्रिणीशी आता बोलायचं काय?

मी नवजात बाळांची डॉक्टर आहे. शिक्षण मुंबईत झालं, आणि आता बरीच वर्षं अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका शहरात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काम करते. बाळ दगावल्यानंतर त्या मृत्यूचा माग काढणाऱ्या स्थानिक समितीतही बसते. तुमच्या मैत्रिणीची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्या हॉस्पिटलबद्दल निवाडा देणार नाही. पण ती जे सांगते ते मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय, की माझा कल तिच्यावर विश्वास ठेवण्याकडे आहे.

आधी आकडे, म्हणजे ‘एखाद्या केसमध्ये होतं असं’ हे बाजूला पडेल. २०२२ साली अमेरिकेत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण ५.६ बाळं वर्षाच्या आत गेली. गोऱ्या आयांच्या बाळांमध्ये हा आकडा साडेचारच्या आसपास आहे आणि कृष्णवर्णीय आयांच्या बाळांमध्ये जवळजवळ अकरा. पोटातच गेलेल्या बाळांचं प्रमाणही असंच दुपटीच्या घरात. आणि आया? २०२३ मध्ये गरोदरपण-बाळंतपणाच्या कारणांनी लाख जन्मांमागे गोऱ्या १४.५ आया गेल्या, कृष्णवर्णीय ५०.३.

‘गरिबी असेल’ हे पहिलं उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असतं. गरिबी आहेच, पण तिच्यावर हिशेब मिटत नाही. १९९२ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात आई आणि वडील दोघंही कॉलेजचे पदवीधर असलेली कुटुंबंच घेतली होती. त्यातही गोऱ्यांची हजारी ५.४ बाळं दगावली होती आणि कृष्णवर्णीयांची १०.२. अलीकडे कॅलिफोर्नियातल्या जन्मांच्या नोंदी पालकांच्या उत्पन्नाशी जोडून पाहिल्या, तेव्हा सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय आयांची बाळं सर्वांत गरीब गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षाही वाईट स्थितीत निघाली. म्हणजे तुमच्या मैत्रिणीची पदवी, पगार आणि विमा तिला वाचवायला पुरेसे नव्हते, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

मग ‘अंगातच काहीतरी’. हा प्रश्न शिकागोच्या रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी फार सोप्या पद्धतीने सोडवला. दोष जनुकांचा असेल, तर आफ्रिकेतून नुकत्या आलेल्या बायकांची बाळं सर्वांत कमी वजनाची असायला हवीत. कारण अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये युरोपीय रक्त मिसळलेलं आहे. त्यांनी इलिनॉय राज्यातले जन्मदाखले काढून सरासरी वजनं मांडली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांची बाळं ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या आयांची ३३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३०८९. हे १९९७ चं. पुढे त्यांनी एक पिढी आणखी पाहिली. बाहेरून आलेल्या गोऱ्या बायकांच्या नाती आपल्या आयांपेक्षा जास्त वजनाच्या जन्मल्या. आफ्रिकेतून किंवा कॅरिबियनमधून आलेल्या बायकांच्या नातींचं वजन उलट घसरलं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत, बदलतं ते आयुष्य. तुमच्या घरच्यांना बाकी काही सांगू नका, एवढे तीन आकडे सांगा.

आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ पासून यावर एक मांडणी केली आहे. सततच्या अपमानाने, सावधपणाने आणि असुरक्षिततेने शरीर वयाआधी झिजतं, असं ती म्हणते. गोऱ्या बायकांमध्ये विशीच्या मध्यावरची बाळंतपणं किशोरवयातल्यांपेक्षा सुखरूप होतात. कृष्णवर्णीय बायकांमध्ये वय वाढेल तसा धोकाच वाढत जातो. रक्तदाब लवकर येतो, गर्भाशयातल्या गाठी (फायब्रॉइड्स) लवकर येतात. हे सगळं दिवस जाण्याच्या आधीच घडून गेलेलं असतं, आणि नऊ महिन्यांत कितीही व्हिटॅमिन्स दिली तरी ते पुसलं जात नाही.

पण झीज एका बाजूला. तुमची मैत्रीण जे सांगते ते दुसऱ्या बाजूचं आहे, आणि तिथे आम्हा डॉक्टरांना झिजेच्या मागे लपता येत नाही.

बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागतं तेव्हा सिनेमातल्यासारख्या कळा येत नाहीत. कंबर धरते, खाली जड वाटतं, पाण्यासारखं अंगावर जातं. यातलं प्रत्येक लक्षण नेहमीच्या गरोदरपणातही असतं, म्हणून ‘काही नाही, होतं असं’ म्हणणं सोपं जातं. खरं-खोटं करायला लागतं काय? आतून तपासणी आणि योनीमार्गे सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजणं. २५ मिलिमीटरच्या खाली असेल तर धोका. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आणि वेळेत कळलं तर हातात बरंच काही असतं. तोंड उघडलं असलं तरी कळा आणि जंतुसंसर्ग नसेल तर कधीकधी टाका घालता येतो. ते नाही जमलं, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं देतात, चोवीस तासांच्या अंतराने. बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. छोट्या हॉस्पिटलात असेल तर बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या एनआयसीयूच्या ठिकाणी हलवतात, कारण जन्मल्यावर हलवण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांत तेविसाव्या आठवड्याची जवळजवळ निम्मी बाळं आज घरी जातात. पण या प्रत्येक गोष्टीला तास लागतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला घरी पाठवलं आणि ती दीड दिवसाने पूर्ण उघडलेल्या अवस्थेत परत आली, तर माझ्या टेबलावर येणारं बाळ वेगळंच असतं. वजन तेच असतं आणि आठवडे तेच, पण फुप्फुसाला औषध मिळालेलं नसतं. ‘ऐकलं नाही’ ही भावनेची तक्रार वाटते खरी, पण माझ्या दृष्टीने तो इलाजातला चुकलेला डोस आहे.

आता समितीचं सांगते. इथे अनेक शहरांत आणि काउंट्यांत ‘फीटल अँड इन्फंट मॉर्टॅलिटी रिव्ह्यू’ नावाची पद्धत आहे. बाळाच्या मृत्यूनंतर फाइल तपासतात, आणि आई तयार असेल तर एक नर्स किंवा समाजसेविका घरी जाऊन तिची मुलाखत घेते. नावगाव काढून टाकून दोन्ही कागद आमच्यापुढे येतात. तपशील बदलून एक नमुना सांगते. फाइलमधली नोंद: ‘कंबरदुखीची तक्रार. कळा नसल्याचं सांगते. लघवी तपासली. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देऊन घरी.’ आईची मुलाखत: ‘त्यांनी विचारलं, कळा येतायत का? मी म्हटलं, मला काय माहीत, माझं पहिलंच आहे. पण खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतंय. ती कॉम्प्युटरकडे बघत होती.’ उतरल्यासारखं वाटतंय, हे वाक्य फाइलमध्ये नाही. निदान त्याच वाक्यात होतं.

असं पुन्हा पुन्हा दिसतं. फाइलमध्ये ‘तीन अपॉइंटमेंटना गैरहजर’, आणि मुलाखतीत कळतं की दोन बस बदलून यायचं, शिफ्ट बुडाली की पगार बुडतो, आणि इथे बाळंतपणाचीही पगारी रजा द्यायला देशाचा कायदा खाजगी कंपनीला बांधत नाही. १९९३ चा कायदा देतो तो बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सगळ्यांना नाही. फाइलमधले शब्दसुद्धा सारखे पडत नाहीत. ‘सांगितलेलं पाळत नाही’, ‘चिडखोर’ असली नकारात्मक विशेषणं कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदींत असण्याची शक्यता गोऱ्यांच्या अडीच पट आहे, हे २०२२ च्या एका अभ्यासात आलं. पुढचा डॉक्टर रुग्णाला भेटण्याआधी ही नोंद वाचतो.

हे सगळे डॉक्टर दुष्ट आहेत का? नाहीत. माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी माणसं आहेत ती. पण व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं खरी की खोटी विचारली, तेव्हा निम्म्यांनी किमान एक खोटी समजूत खरी मानली. ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’, ही त्यातलीच एक. आणि अशा समजुती असलेल्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाचं दुखणं कमी मोजलं. शिवाय काही गोष्टी माणसांत नसून यंत्रांत आणि तक्त्यांत बसलेल्या असतात. सिझेरियननंतर नैसर्गिक बाळंतपण कितपत जमेल हे सांगणारा एक कॅल्क्युलेटर इथे सर्रास वापरात होता. आई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असं भरलं की आकडा आपोआप खाली यायचा. २०२१ मध्ये वंशाची ती चौकट काढली. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेत ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, हे २०२० मध्ये प्रौढ रुग्णांवर ठळकपणे सिद्ध झालं. आणि जन्मल्याबरोबर बाळाला देतात तो अपगार स्कोअर, त्यात रंगाला दोन गुण आहेत: अंगभर गुलाबी असेल तर दोन. कुणाचं अंग गुलाबी? मुंबईत आम्हाला सिस्टरनीच शिकवलं होतं की जीभ बघ, ओठाच्या आतली बाजू बघ, तळपाय बघ. सावळी बाळं बघत शिकल्याचा तो फायदा. इथे नव्या निवासी डॉक्टरांना मी पहिल्याच आठवड्यात हे दाखवते.

हॉस्पिटलही महत्त्वाचं. न्यूयॉर्क शहरातल्या एका अभ्यासानुसार कृष्णवर्णीय आया गोऱ्या आयांच्याच हॉस्पिटलांत बाळंत झाल्या असत्या, तर अगदी कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूतली दरी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली असती. शहर एकच, मैलांचं अंतरही फारसं नाही.

एका अभ्यासाबद्दल मात्र सावध करते, कारण तो तुमच्यापर्यंत नक्की पोचला असेल. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या नोंदींवरून निघालं की कृष्णवर्णीय डॉक्टर असेल तर कृष्णवर्णीय बाळांच्या मृत्यूतली दरी जवळपास निम्म्याने कमी होते. बातमी जगभर गेली. २०२४ मध्ये त्याच नोंदी दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासल्या आणि दीड किलोखालची बाळं वेगळी धरली, तेव्हा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. अगदी लहान बाळं जास्त करून गोऱ्या तज्ज्ञांकडे जात होती, म्हणून तसं दिसत होतं. मुद्दा पटणारा आहे म्हणून कच्चा पुरावा पुढे करू नये. तुमच्या घरी वाद घालताना हा अभ्यास वापरू नका, बाकीचे पुरेसे आहेत.

माझा सर्वांत आवडता पुरावा मिसिसिपीचा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, आणि १९६६ मध्ये मेडिकेअर हा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा सुरू झाल्यावर, सरकारी पैसे हवे असतील तर वर्णभेदी वॉर्ड बंद करा असं हॉस्पिटलांना सांगितलं गेलं. दारं उघडली, आणि जुलाब-न्यूमोनियाने जाणाऱ्या कृष्णवर्णीय तान्ह्या बाळांचे मृत्यू काही वर्षांतच झपाट्याने उतरले. त्यांच्या अंगात काय होतं ते १९६६ साली बदललं नव्हतं.

अविश्वासालाही इतिहास आहे. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ २०१८ पर्यंत उभा होता, त्या मॅरियन सिम्सने १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम बायकांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही तिघींची नावं उरली आहेत. बाळाच्या शवविच्छेदनाला आई नकार देते तेव्हा ‘अडाणीपणा’ म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.

मैत्रिणीबद्दल. तेविसाव्या आठवड्यात बाळ गेलं तरी दोन-चार दिवसांनी पान्हा फुटतो. हे आधी कुणी सांगत नाही. रिकाम्या घरी आलेल्या बाईचा रात्री ब्लाउज भिजतो, आणि ती घाबरते किंवा कोसळते. घट्ट पण न आवळणारी ब्रा, थंड शेक, गरजेपुरतंच थोडं काढणं, वेदनाशामक, एवढ्याने ते उतरतं. काही आया दूध मिल्क बँकेला देतात, त्यांना त्यात बरं वाटतं. काहींना ती कल्पनाच सहन होत नाही. दोन्ही ठीक. सहा आठवड्यांनी तपासणीला जायचं तर वेटिंग रूममध्ये सगळीकडे कार सीटमधली तान्ही बाळं. तिच्या नवऱ्याला सांगा, आधी फोन करून दिवसाची पहिली वेळ मागून घ्या आणि थेट आत न्यायला सांगा. बहुतेक ठिकाणी ऐकतात, फक्त कुणी मागत नाही.

बाळाचं नाव ठेवलं असेल तर नाव घेऊन बोला. ‘तरुण आहेस, दुसरं होईल’ आणि ‘देवाची इच्छा’ ही दोन वाक्यं गिळून टाका. तिच्यासमोर ‘त्यांनी तरी काय करायचं होतं’ हेही नको. तुम्हाला ते समतोल वाटेल, तिला दुसऱ्यांदा घरी पाठवल्यासारखं वाटेल. डबा न्या, पण डबा नेऊन लगेच निघू नका. आणि पहिल्या महिन्यानंतर जा, कारण तोवर सगळे येऊन गेलेले असतात.

ती वर्षाच्या आत कधी म्हणाली की झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही, तर ‘दुःख आहे, होणारच’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डोकं प्रचंड दुखणं, धाप लागणं, पोटरी सुजणं हेही तसंच. बाळ नाही म्हणून ती बाळंतीण नाही असं होत नाही. २०१७ मध्ये सेरेना विल्यम्सला मुलगी झाल्यावर दुसऱ्या दिवशी धाप लागली. फुप्फुसात गुठळी झाली असणार हे तिला आधीच्या अनुभवावरून ठाऊक होतं, तरी सीटी स्कॅनसाठी तिला हट्ट धरावा लागला. गुठळ्या निघाल्या. तिच्याजवळ नाव, पैसा आणि स्वतःच्या शरीराचं ज्ञान, तिन्ही होतं.

कागद काढून घ्यायला तिला मदत करा. दोन्ही भेटींच्या ट्रायाज नोंदी (आल्याबरोबरच्या पहिल्या तपासणीच्या), वारेचा पॅथॉलॉजी अहवाल, बाळाची फाइल. मागितल्यावर साधारण तीस दिवसांत देणं हॉस्पिटलला कायद्याने बंधनकारक आहे. मग हाय-रिस्क गरोदरपणाच्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे ते घेऊन जावं. पुढच्या खेपेला सोळाव्या आठवड्यापासून तोंडाची लांबी मोजत राहतात, गरज पडली तर टाका घालतात, योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन देतात. आठवड्याला टोचायचं जे इंजेक्शन पूर्वी द्यायचे, ते उपयोगाचं नाही म्हणून २०२३ मध्ये बाजारातून काढलं, तेव्हा कुणी जुन्या माहितीवर तेच सुचवलं तर प्रश्न विचारावा. सोबत डूला, म्हणजे बाळंतपणात आईला सोबत आणि आधार देणारी शिकलेली बाई, असली तर उत्तम. बऱ्याच राज्यांत आता मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमाही, तिचा खर्च देतो. डूलाकडे औषध नसतं, पण खोलीत एक साक्षीदार वाढतो. आपल्याकडे गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. त्यामागेही कोण विचारपूस करतं आणि कोणाचं ऐकतं याचा भाग मोठा होता.

तपासणीला नकार मिळाला, तर एक वाक्य इथे कामाला येतं: ‘मी ही तपासणी मागितली आणि तुम्ही केली नाही, हे कारणासह माझ्या फाइलमध्ये लिहा.’ सौम्य आवाजात म्हणायचं. बहुतेक वेळा तपासणी होते. हे वाक्य आजारी बाईला पाठ करावं लागतं, याचा मला राग येतो, तरी मी शिकवते.

तुम्ही स्वतःबद्दल विचारलं नाही, पण ओळींमध्ये आहे. आशियाई आयांच्या बाळांचा आकडा इथे सर्वांत कमी आहे, हजारी साडेतीन. त्यावर आपल्या पॉटलकमध्ये ‘आपल्या संस्कारांमुळे, आपल्या आहारामुळे’ असं ऐकायला मिळतं. आपण इथे पदवी आणि व्हिसाच्या चाळणीतून आलोय, डेव्हिड-कॉलिन्सच्या आफ्रिकन आयांसारखेच. आणि ‘आशियाई’ या एका रकान्यात बरंच झाकलं जातं. गरोदरपणातला मधुमेह भारतीय बायकांमध्ये खूप जास्त आहे, त्याची तपासणी टाळू नका.

हॉस्पिटलकडे तक्रार करावी का, हे तिने ठरवायचं. तिथल्या पेशंट रिलेशन्सला, म्हणजे रुग्णांच्या तक्रारी बघणाऱ्या विभागाला, लेखी पत्र, राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार, किंवा वकील, हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि एकाने दुसरा बंद होत नाही. दाव्याची मुदत राज्यानुसार बदलते, बऱ्याच ठिकाणी दोनच वर्षं. म्हणून तिचं मन तयार नसलं तरी कागद आत्ता मागवून ठेवा. आणि दोन्ही भेटींत काय झालं, कुणाला काय सांगितलं, किती वाजता, हे तिला आठवतंय तोवर लिहून काढायला सांगा, तारखेसह. तिला जमत नसेल तर ती बोलेल, तुम्ही लिहा.